पांढऱ्या पट्ट्यांची काफी

देवासच्या मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवायला लागले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘हंगामी’ असा शब्द होता. “आंबे हंगामी असतात, बाई हंगामी कशी असेल?” असं आईनं विचारलं. मला हसू आलं नाही. त्या शब्दाचा मी इतका धसका घेतला होता की शाळेच्या ओसरीवरून कुणी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, संपलं, आता आपल्याला घरी जायला सांगणार.

घर म्हणजे तरी कुठलं, हाही प्रश्नच होता. माझे वडील धारच्या दरबारात सतार वाजवत. संस्थानं विलीन झाली त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. पुढं दरबारचं गाण्याबजावण्याचं खातं मोडलं आणि एक दिवस एक कारकून यादी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्यानं कोपऱ्यातली सतार उचलली. आई म्हणाली, “अहो, ती यांची आहे.” तो म्हणाला, “सरकारी आहे, बाई.” तसा तो वाईट माणूस नव्हता. सतारीची गवसणी आईनं घरी शिवलेली होती, ती त्यानं काढून आईच्या हातात परत दिली. ती रिकामी गवसणी आई घडी घालून ट्रंकेत ठेवायची. 

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ओळखीपाळखीनं देवासची ही नोकरी मिळाली आणि आम्ही मायलेकी तिथं एका खोलीत राहायला आलो. नोकरी गेलीच तर एकच दार उघडं होतं, कुक्षीच्या काकांचं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तिथल्या तहसील कचेरीत होते. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, ‘तसा प्रसंग आलाच तर निःसंकोच निघून या. मात्र पेटी वगैरे आणू नये. घरात लग्नाच्या मुली आहेत.’ आमच्याकडे पेटी नव्हतीच. पण गाणं शिकवणाऱ्या बाईच्या काखेत बाजाची पेटी असायचीच, अशी काकांची समजूत. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की मला पाठ झालं. त्या ‘आणू नये’मध्ये मला माझा उरलेला जन्म दिसायचा: काकूंच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या आणि तोंडातून सूर म्हणून काढायचा नाही.

पेटी होती ती शाळेची, आणि तीही धड नव्हती. संस्थान होतं तेव्हा ती दुरुस्तीला दरबारच्या कारखान्यात गेली होती. तिथल्या कारागिरानं काळ्या पट्ट्यांचे पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या जिभा, काढून एका डब्यात ठेवले, मोकळ्या भोकांवर कागद चिकटवला आणि ‘नीट घासून बसवून देतो’ म्हणाला. तेवढ्यात संस्थानच गेलं. पेटी कशीबशी परत आली; कारखान्याला मात्र नव्या सरकारनं लाखेचं सील ठोकलं. खिडकीच्या गजांतून तो डबा दिसायचा. तो मिळावा म्हणून अर्ज केला तर जुनं खातं म्हणे नव्याला विचारा, नवं म्हणे यादी व्हायची आहे. तोवर आमच्या पेटीची काळी पट्टी दाबली की सुस्कारा टाकल्यासारखा नुसता आवाज यायचा. पांढऱ्या पट्ट्या मात्र ठणठणीत होत्या.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. शिस्तीच्या आणि खऱ्या बोलण्याच्या बाई. पण त्यांनीही सामानाच्या यादीत ‘पेटी एक, चालू’ असंच लिहून पाठवलं होतं. “बंद लिहिली तर जमा करून घेतील,” त्या मला दार लोटून म्हणाल्या, “आणि पेटी गेली की गाण्याचा तासही जाईल. तुम्ही आपलं तोंड मिटून ठेवा.” तोंड मिटून ठेवण्यात मी तरबेज होते. पण त्या दिवसापासून मला आणखी एक धास्ती लागली, की माझ्यापायी या बाईही गोत्यात येणार.

मग ते पत्र आलं. इंदूरहून एक तपासणीस येणार होते. ज्यांच्यापाशी परीक्षेचं प्रमाणपत्र नाही अशा हंगामी शिक्षकांचं काम बघून ते कुणाला कायम करायचं आणि कुणाला निरोप द्यायचा ते ठरवणार. गाण्यापुढं लिहिलं होतं: दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तानपुरा किंवा सूरपेटीच्या साथीत राग काफी म्हणून दाखवावा, नंतर शिक्षिकेला शास्त्राचे प्रश्न विचारले जातील. पत्र हिंदीत होतं. मी धारला मराठी शाळेत शिकलेली. माझी हिंदी भाजीवालीशी हुज्जत घालण्यापुरती.

काफी म्हणजे गंधार आणि निषाद कोमल. बाबांकडे मी गळ्यानं शिकले, तेव्हा समोर त्यांची सतार असायची. कोमल गंधार हवा असला की ते पडदा किंचित खुंट्यांकडे सरकवत, आणि त्या एवढ्याशा सरकण्यानं सगळ्या खोलीचा चेहरा उतरायचा. पेटीवर काही सरकत नाही. पेटी मी नोकरीसाठी घाईघाईनं शिकलेली, आणि तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की पांढऱ्या पट्ट्या शुद्ध आणि काळ्या कोमल. नवशिक्या पोरींना असं वाटतं, पण मी पोर नव्हते, बाई होते. काळ्यांचे सूर डब्यात आणि डबा सीलबंद खोलीत. थोडक्यात, कोमल गंधार सरकारजमा झाला होता आणि सरकारचाच माणूस तो माझ्याकडे मागायला येत होता.

पेटीशिवाय शिकवून पाहिलं. मुलींना पेटीची इतकी सवय होती की ती थांबली की एक माळव्यात तर दुसरी निमाडात. हिंदी पुस्तकातून मी शास्त्र घोकत होते, ‘काफी ठाठ, वादी पंचम, संवादी षड्ज, समय मध्यरात्रि’. मध्यरात्र कशी? होळीला अख्ख्या माळव्यातल्या बाया भर दुपारी या सुरांत गातात. पण पुस्तकाशी भांडणार कोण? मी घोकत होते आणि विसरत होते. जेवण जात नव्हतं. आई ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि ताट झाकून ठेवायची.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी वर्गात एकटीच पेटी घेऊन बसले. लक्ष ठिकाणावर नव्हतं. सा म्हणून माझं बोट पांढरी एकऐवजी पांढरी दोनवर पडलं आणि मी तशीच सरळ वर गेले. सा, रे, आणि तिसऱ्या सुराला माझ्या अंगावर काटा आला. तो कोमल गंधार होता.

मला आधी वाटलं, काळ्या पट्ट्या जिवंत झाल्या. दाबून पाहिल्या, नुसता सुस्कारा. पुन्हा पांढरी दोनपासून वर गेले. पुन्हा तोच गंधार, आणि वर कोमल निषादही आपल्या जागी हजर. बोटं मात्र पांढऱ्यांवरच. मी भाता सोडला आणि कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं. चोरी केल्यासारखं का वाटलं कोण जाणे.

मग बाबांच्या सतारीचे पडदे डोळ्यांपुढं आणले. सा आणि रे यांच्यामध्ये ऐसपैस जागा, रे आणि कोमल गंधार यांच्यामध्ये अगदी चिंचोळी. पेटीवर पांढरी दोन आणि तीन यांच्यामध्ये एक काळी बसलेली आहे, म्हणजे अंतर मोठं. तीन आणि चारमध्ये काळी नाहीच, म्हणजे अंतर लहान. अगं बाई! कोमलपणा पट्टीच्या रंगात नव्हताच. तो ‘सा’पासून मोजलेल्या अंतरात होता. पांढरी एकला सा धरला तर जी चौथी पट्टी शुद्ध मध्यम, तीच पांढरी दोनला सा धरला की कोमल गंधार होत होती. सासरची थोरली जाऊ माहेरी धाकटी बहीण असते, तसं हे. माणूस तोच, नातं कुठून मोजायचं ते बदललं.

मग मला राहवेना. पांढरी तीनला सा धरला तर पहिल्याच पावलाला कोमल रिषभ भेटला. पुढं गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. म्हणजे भैरवीचे सूर. पांढरी सहाला धरला तर आसावरीचे. मी पळतच घरी गेले आणि आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “बरं झालं हो. पण साहेबाला चालेल का?” माझा आनंद तिथंच आटला. ही युक्ती आहे की लबाडी, हे मला सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मुलींना मी त्याचा खेळ करून दिला. पांढरी एक पहिलं घर, दोन दुसरं, तीन तिसरं. “दुसरं घर” म्हटलं की त्या काफीत शिरत. सूर लागले, पण गाणं काही काफी होईना. फागाच्या, म्हणजे होळीच्या गाण्याच्या ओळी त्या अशा म्हणायच्या की वाटावं आत्ताच कुणी गेल्याची तार आली आहे. कोमल गंधार सापडल्याचा मलाच इतका गहिवर होता की मी त्याच्यावर मुक्काम करत होते, आणि बाईंचं बघून पोरीही.

आमचा शिपाई म्हातारा माळवी माणूस. तो घंटेच्या दोरीपाशी बसून ऐकायचा. एक दिवस तो दारात येऊन म्हणाला, “बाईसाब, ई छोरियां रोती क्यूं हे? फाग हे के कोई मरी ग्यो?” आणि मग तिथंच उभ्याउभ्या त्यानं त्याच्या गावचा फाग गुणगुणून दाखवला. मी कान देऊन ऐकलं. गंधार कोमलच होता, पण म्हातारा त्याच्यावर थांबत नव्हता. मध्यमावरून उतरताना त्याला नुसती टाळी द्यायची आणि रिषभावरून खाली ‘सा’कडे पळायचं. मुक्काम करायचा तो वर पंचमावर. त्याच सुरांनी रडताही येत होतं आणि रंगही खेळता येत होता. कुठं थांबायचं आणि कुठून पळायचं एवढाच फरक. पुस्तकात हे ‘वादी पंचम’ म्हणून लिहिलेलंच होतं. मी ते पाठ केलं होतं, समजलं मला त्या दारात.

तिसऱ्या घरातली भैरवी मी एकाच कामाला ठेवली, शाळा सुटतानाच्या प्रार्थनेला. धारला बाबा नेहमी सांगत, भैरवी झाली की बैठक उठली. मग ते सतार गवसणीत घालत, आणि महाराजसुद्धा पुढं फर्माईश करत नसत. म्हणून शाळेत रोज शेवटी भैरवीतली प्रार्थना. ती संपली की मुलींनी पाट्या उचलायच्या, नमस्कार करायचा आणि रांगेनं घरी जायचं. ही शिस्त मीच लावली होती आणि मला तिचा अभिमानही होता.

राहिली सूरपेटी, गाण्यामागं एकच सूर धरून ठेवणारी भात्याची पेटी. शाळेत ना तानपुरा, ना सूरपेटी. देवासला तेव्हा जवळजवळ सगळं दोन-दोन असायचं, कारण एकाच गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. हमरस्त्याच्या या कडेला एक राज्य, त्या कडेला दुसरं. दोन्ही गेली तरी माणसांच्या मनात तो रस्ता होताच. भजनी मंडळंही दोन, त्यांच्या सूरपेट्याही दोन, आणि दोन्ही एकेका सुरात कायमच्या बांधलेल्या. थोरल्या पातीच्या मंदिरातली पांढरी दोनची, धाकट्या पातीच्या मंदिरातली पांढरी तीनची. मी शिपायाला बजावून सांगितलं, थोरल्या पातीच्या मंदिरातली आण. दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा “हव” म्हणाला.

तपासणीस आले त्या दिवशी मी सकाळपासून चार वेळा पाणी प्याले आणि चारही वेळा ठसका लागला. साहेब उंच, खादीचा कोट, हातात जाड वही. त्यांनी आधी हिशेबाच्या बाईंना तपासलं, मग शिवणाच्या. अकराच्या सुमाराला ते गाण्याच्या वर्गात आले. मोठ्या बाई त्यांच्या मागं उभ्या राहिल्या, हात घट्ट बांधून. सूरपेटीचा पत्ता नव्हता. साहेबांनी विचारलं, “सूरपेटी है?” मी “जी” म्हणाले आणि तेवढ्यात शिपाई धापा टाकत ती घेऊन आला. भिंतीशी बैठक मारून त्यानं ऐटीत भाता हलवायला सुरुवात केली.

पांढरी तीन!

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावत होता. जन्मभर धाकट्या पातीची चाकरी केलेला माणूस. थोरल्या पातीच्या देवळात जाऊन कुणाच्या पाया पडायला त्याचं मन धजलं नव्हतं. राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती, तरीही नाही. नंतर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “म्हूं वां नी जाऊं, बाईसाब. ने सूरपेटी तो सूरपेटी हे, ई कंई ने वा कंई?” ही काय नि ती काय, त्याला सारखीच.

 काफी पांढरी तीनवरून वाजवायची तर दोन काळ्या पट्ट्या लागतात, आणि काळ्या मुक्या. दुसऱ्या घरात वाजवायची तर सूरपेटी तिसऱ्या घरात भोकाड पसरून बसलेली. सूरपेटी बदला म्हणावं तर साहेब विचारणार, का? पेटी उघडी पडणार, आणि तिच्यामागं मोठ्या बाईंची यादी. ‘पेटी एक, चालू’. मला कुक्षीची चूल दिसायला लागली.

“शुरू कीजिए,” साहेब म्हणाले.

मी दुसऱ्या घरात पहिला सूर दिला. मुलींनी आ लावला आणि सूरपेटीशी तो असा करकरला की पुढच्या रांगेतल्या दोघींनी तोंडच मिटलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी म्हणाले, “मुलींनो, तिसरं घर.”

करकर थांबली. सूर सुरात मिसळला. पण तिसऱ्या घरात त्यांना एकच गोष्ट येत होती, आणि त्यांनी ती म्हणायला घेतली, शाळा सुटायची प्रार्थना. त्या कधी नव्हे इतक्या सुरात गायल्या. भीतीनं असेल. कोमल रिषभावर सगळ्या मिळून अशा थांबल्या की बाबा असते तर दाद दिली असती. मी पेटी वाजवत होते आणि मनात एकच चाललं होतं, साहेबांनी काफी मागितली आहे, काफी मागितली आहे, काफी.

प्रार्थना संपली. मुलींनी पाट्या उचलल्या, साहेबांना नमस्कार केला आणि रांगेनं वर्गाबाहेर निघून गेल्या. दिवसाचे अकरा वाजले होते. मला त्यांना हाक मारायची होती, पण साहेबांसमोर मारू कशी? शिपायानं इमानेइतबारे भाता थांबवला. ओसरीवरून पावलं फाटकाकडे गेल्याचं ऐकू आलं.

साहेबांनी रिकाम्या चटईकडे पाहिलं. मग म्हणाले, “मैंने काफी कही थी.”

“जी.”

“यह तो भैरवी थी.”

“जी.”

ते उठले, पेटीपाशी आले, भाता उघडला आणि एक काळी पट्टी दाबली. सुस्कारा. दुसरी दाबली. सुस्कारा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी एक काळी सोडली नाही. त्या सगळ्या सुस्काऱ्यांचा मला आजही कधी कधी भास होतो. मग त्यांनी वहीतला कागद काढला. “इसमें लिखा है, पेटी चालू.”

मी कोलमडलेच. माझ्या हिंदीत सांगायला लागले, “साहेब, काळ्या पट्टीका सूर कारखाने में है. डब्बा है. खिडकीसे दिखता है. सील है, साहेब.” डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तेव्हा मोठ्या बाई पुढं आल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही.

“लिखा हुआ गलत नहीं है, साहब. पेटी चालू है. आपने अभी सुनी.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तो काफी किस पर सिखाती हैं?”

मला काफी गाऊन दाखवायची होती आणि गाता येत नव्हती. भैरवी झाली होती. भैरवीनंतर बाबांनी कधी, कुणासाठी, एक सूर काढला नाही. लहानपणी एकदा मी काढला तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, नुसते उठून निघून गेले. ते मला मारापेक्षा लागलं होतं. मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली आणि पांढरी दोनला सा धरला. म्हाताऱ्याचा फाग गायले. गंधाराला टाळी दिली आणि पळाले, पंचमावर थांबले, पुन्हा खाली आले. शिपाई भिंतीशी बसून मांडीवर ताल धरत होता. मला लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं.

साहेबांनी माझी बोटं पाहिली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ठाठ?”

इतके दिवस घोकलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. काफी रागाच्या ठाठाचं, म्हणजे सुरांच्या साच्याचं, नावही काफीच. तेवढंही मला आठवलं नाही. मी म्हणाले, “दूसरा घर.”

ते हसले नाहीत. वहीत दोन ओळी लिहिल्या, वही मिटली, मोठ्या बाईंना नमस्कार केला आणि पुढच्या वर्गाकडे गेले. मी पेटीवर डोकं टेकून रडले. मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. त्या म्हणाल्या, “मुली घरी पोचल्या असतील. शिपायाला पाठवून परत बोलवा. अजून भूगोलाचा तास आहे.”

पुढचे तीन महिने कसे काढले ते आठवलं तरी जीव घाबरा होतो. टपालवाला फाटकात दिसला की मी वर्गात गाणं थांबवायची. नापास झाल्याबद्दल मला शंका नव्हती. फक्त कागद यायचा होता. आईनं हळूहळू डबे रिकामे करायला घेतले. एक दिवस तिनं काकांना पत्र लिहिलं, आम्ही येण्याची शक्यता आहे म्हणून. पत्र टाकायला मीच गेले.

हुकूम आला तो मोठ्या बाईंनीच वाचून दाखवला. मला कायम केलं होतं. आणि बदली केली होती. कुक्षीच्या मुलींच्या शाळेत गाण्याचा तास नव्यानं सुरू होत होता. तिथं वाद्य नसल्यामुळं देवासची पेटी, ‘जिसके केवल सफेद परदे चालू हैं’, सदर शिक्षिकेबरोबर पाठवावी. ‘शिक्षिका को इसी पर सिखाने का अभ्यास है’. देवासला नवी पेटी मिळणार होती. मोठ्या बाईंनी कागद खाली ठेवला आणि चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. नोकरी राहिली याचा सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच मनात आलं, काका काय म्हणतील? नव्या गावात एकट्या मायलेकींना खोली मिळेपर्यंत त्यांच्याच घरी उतरणं भाग होतं. “पेटी शाळेतच नेऊन ठेवू, परस्पर,” मी आईला म्हणाले.  तिनं ट्रंक उघडली, सतारीची गवसणी काढली, शिवण उसवली आणि दोन दिवस बसून त्या कापडाचं पेटीला झाकण शिवलं. मरून रंगाचं जाड कापड, त्याला जुनी पिवळी किनार.

सर्व्हिस मोटारच्या टपावरून पेटी धारमार्गे कुक्षीला आली. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, म्हणजे शाळा बंद. हमालानं पेटी काकांच्या ओट्यावर ठेवली. काका दारातच उभे होते. त्यांच्या मागं पडद्याआड चुलतबहिणी.

“वहिनी,” काका म्हणाले, “मी पत्रात लिहिलं होतं. पेटी आणू नये म्हणून.”

 माझी आई दिरासमोर कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं पदर सारखा केला, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, “सरकारी आहे, भावजी.”

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर त्या मरून कापडावर आणि पिवळ्या किनारीवर गेली आणि तिथंच राहिली.  वाकून त्यांनी पेटीची एक कडी धरली, दुसरी धरायची मला खूण केली, आणि आम्ही दोघांनी ती आत घेतली.